आजारपणाची रजा

विमानाने प्रवास करणाऱ्या मंडळींना गेल्या काही वर्षांत एका विलक्षण साथीची ओळख झाली आहे. ही साथ बहुधा रात्रीच्या वेळी येते, एकाच कंपनीच्या नोकरवर्गात पसरते, शेजारच्या खिडकीवरील दुसऱ्या कंपनीच्या माणसांना तिची यत्किंचितही बाधा होत नाही, आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत कागदावर सह्या झाल्या की औषधपाण्यावाचून ती ओसरते. २०२४ सालच्या मे महिन्यातील ७ तारखेच्या रात्री एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानांतील सेवकवर्गापैकी शंभराहून अधिक जणांनी, उड्डाणाची वेळ अगदी तोंडावर आली असताना, आपण आजारी असल्याचे कळविले. पुढल्या दोन दिवसांत शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने २५ जणांना बडतर्फीची पत्रे धाडली. ९ तारखेला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर उभय पक्षांची बैठक बसली आणि त्याच दिवशी त्या २५ जणांना परत घेण्याचे व्यवस्थापनाने, तर तत्काळ कामावर रुजू होण्याचे संघटनेने मान्य केले.

या दोन दिवसांत विमानतळांवर जे हाल झाले ते ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. आखातात नोकरीस असलेला माणूस हा काही सहलीसाठी निघालेला प्रवासी नव्हे. रजा संपून अमुक तारखेस रुजू व्हावयाचे असते, प्रवेशपत्राची मुदत संपत आलेली असते, आणि खिशातील पैसा गावी घराच्या छपरावर खर्च होऊन गेलेला असतो. मस्कतच्या रुग्णालयात असलेल्या आपल्या पतीकडे निघालेल्या केरळमधील एका स्त्रीचे विमान रद्द झाले आणि ती पोहोचण्यापूर्वीच तिचा पती गेला, असे वृत्त त्यानंतर काही दिवसांनी आले. आमच्या गोव्यातील, तसेच सावंतवाडी-कुडाळकडील किती घरे आखाती पगारावर उभी आहेत हे लक्षात घेतले म्हणजे, केरळमधील ही कथा पेडण्यातील किंवा सासष्टीतील कोणत्याही वाड्यावर घडू शकली असती हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा प्रथम जे स्पष्ट आहे ते स्पष्ट शब्दांत सांगू. त्या शंभरांपैकी काही जण खरोखर आजारी असतील. परंतु एकाच रात्री, एकाच कंपनीत, इतक्या धडधाकट तरुण-तरुणींची प्रकृती एकाच वेळी बिघडावी हा योगायोग मानण्यास आम्ही तयार नाही. तो संप होता. संपाला संप न म्हणता आजारपण म्हटले, कारण संप म्हटले असते तर कायद्याप्रमाणे आगाऊ नोटीस द्यावी लागली असती, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता आला नसता. विमान वाहतूक ही कायद्याने सार्वजनिक उपयोगितेची सेवा मानली गेली होती. तेथे न कळविता केलेला संप बेकायदा ठरतो, हे संघटनेच्या पुढाऱ्यांना चांगलेच ठाऊक होते. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार आम्हांला मुळीच मान्य नाही, आणि तो का मान्य नाही याचे एक कारण नेहमीच्या कारणांहून वेगळे आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

परंतु येथेच थांबून कामगारांना चार खडे बोल सुनावणे व लेखणी खाली ठेवणे हे सोपे झाले असते, आणि पुष्कळांनी तसे केलेही. प्रश्न असा की, माणसे खोटे आजारपण पत्करण्याइतकी कशामुळे बिथरली? ही कंपनी त्या वेळी दुसऱ्या एका भगिनी कंपनीशी, म्हणजे पूर्वीच्या एअरएशिया इंडियाशी, एकत्र होत होती. या विलीनीकरणात जुन्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाची रचना बदलली, काही भत्ते गेले, वरच्या जागेच्या मुलाखतीत उत्तीर्ण होऊनही खालच्या जागा देण्यात आल्या, अशा संघटनेच्या तक्रारी होत्या. तक्रारी खऱ्या की खोट्या याचा निवाडा समेट अधिकाऱ्यासमोर व्हावयाचा. तेथे काय घडले? प्रादेशिक कामगार आयुक्तांनी कंपनीच्या वरिष्ठांना त्यापूर्वीच लिहिलेल्या पत्राचा गोषवारा त्या आठवड्यात वृत्तपत्रांतून बाहेर आला. समेटाच्या बैठकींना निर्णय घेण्याचा अधिकार असलेली जबाबदार माणसे व्यवस्थापनाने पाठविलीच नाहीत, आणि तक्रारींत तथ्य आहे, असा त्या पत्राचा रोख होता.

आम्हांला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बोलणी चालू होती, तारखा पडत होत्या, चहाही पाजला जात असेल. परंतु समोर बसलेल्या माणसाच्या हाती ‘होय’ म्हणण्याची सत्ता नव्हती. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे उत्तर पुनःपुन्हा ऐकणाऱ्या माणसाच्या मनात जे साचते त्यालाच आपण अविश्वास म्हणतो. आणि मग पुढे काय घडले ते पाहा. आठवडेच्या आठवडे बैठकांतून जे साधले नाही, ते विमाने जमिनीवर बसताच एका दिवसात साधले. निर्णय घेणारी माणसे दिल्लीत हजर झाली. बडतर्फीची पत्रे मागे गेली. या घटनेपासून एखाद्या तरुण परिचारिकेने काय बोध घ्यावा? अर्ज-विनंत्यांनी काही होत नाही, दोन दिवस आजारी पडल्यास सर्व काही होते, हाच. हा धडा तिला संघटनेने जितका शिकविला तितकाच व्यवस्थापनानेही शिकविला.

हा धडा नवाही नव्हता. मुंबईत २००८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जेट एअरवेजने शेकडो तरुण कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसविले. गणवेश घालून ती मुले रस्त्यावर उभी राहिली, राजकीय पुढारी धावून आले, आणि दोन दिवसांत सर्वांना परत घेण्यात आले. वर्षभराने, २००९ च्या सप्टेंबरात, त्याच कंपनीच्या वैमानिकांनी संघटना उभारली म्हणून दोन ज्येष्ठ वैमानिकांना काढण्यात आले असा वैमानिकांचा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने संपास मनाई केली असता शेकडो वैमानिक एकाच दिवशी ‘आजारी’ पडले. पाच दिवस विमानसेवा विस्कळित झाली आणि अखेर काढलेल्या वैमानिकांना परत घ्यावे लागले. प्रत्येक वेळी प्रथम तलवार, मग माघार. आधी विचारपूस करून मग निर्णय घेण्याची पद्धत कोणालाच सुचली नाही.

सरकारी अंमलात याहून बरे होते असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा जे. आर. डी. टाटा यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदी ठेवण्यात आले, आणि १९७८ साली त्यांना दूर करण्यात आले. त्यानंतरच्या चार दशकांत त्या कंपनीची जी शोभा झाली तिचे वर्णन येथे नको. मात्र २००७ सालच्या विलीनीकरणाविषयी लिहिणे भाग आहे, कारण २०२४ चे बीज आम्हांला तेथेच दिसते. देशांतर्गत उड्डाणे करणारी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी जाणारी एअर इंडिया या दोन संस्था कागदावर एक झाल्या. नाव एक झाले, बोधचिन्ह एक झाले. परंतु वैमानिकांच्या वेतनश्रेणी दोन राहिल्या, सेवाज्येष्ठतेच्या याद्या दोन राहिल्या, संघटना दोन राहिल्या. ‘हे सर्व लवकरच मिटविले जाईल’ हे आश्वासन तेवढे दोघांना सारखे मिळाले.

चार वर्षे उलटली तरी ते मिटले नाही. २०११ च्या एप्रिलअखेर पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. तो संप दहा दिवस चालला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमण्यात आली. पुढील वर्षी, २०१२ च्या मे महिन्यात, पारडे फिरले. नव्याने येऊ घातलेल्या बोइंग ७८७ ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटातील वैमानिकांना मिळू नये म्हणून आता जुन्या एअर इंडियाचे वैमानिक ‘आजारी’ पडले. संघटनेची मान्यता रद्द झाली, सुमारे शंभर वैमानिक बडतर्फ झाले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ५८ दिवसांनंतर ३ जुलै रोजी संप मागे घेण्यात आला. म्हणजे व्यवस्थापनावरील अविश्वास इतका खोल गेला की, एका कंपनीचे वैमानिक दुसऱ्यांना आपल्या ताटातील घास पळविणारे समजू लागले. वस्तुतः दोघांनाही एकाच माणसाने शब्द दिला होता आणि दोघांच्याही बाबतीत तो पाळला गेला नव्हता.

गोमंतकीय वाचकाला हे ओळखीचे वाटेल. भाटकार आणि मुंडकार यांच्यातील व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर चालत आले. भाटकार भला असला तर ते सुखाने चालत. त्याचा मुलगा किंवा त्याचा कारभारी वेगळा निघाला की मुंडकाराचे घर एका रात्रीत परके होई. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण मिळाले आणि त्याचे नाव सरकारी नोंदीत चढण्याची वाट खुली झाली, तेव्हा भाटकारांपैकी पुष्कळांना तो आपल्या भलेपणावरील अविश्वास वाटला. परंतु कागद आल्यावर भल्या भाटकाराचे काहीच गेले नाही. विमान कंपनी विकली जाते, एकत्र होते, तिचा धनी बदलतो. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडियाचा धनी बदललाच. अशा व्यवसायात मागील व्यवस्थापकाने दिलेला शब्द पुढच्याला बांधतो की नाही हा प्रश्न नोकराच्या दृष्टीने पगाराच्या आकड्याहून मोठा असतो.

केवळ आपल्याकडील व्यवस्थापनेच अशी आहेत असा समज कोणी करून घेऊ नये. या विषयावरील सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे, आणि ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. २००३ सालच्या वसंतात टेक्सासमधील अमेरिकन एअरलाइन्स ही प्रचंड कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांत तिची स्वतःची दोन विमाने गेली होती, त्यानंतर प्रवासी घटले, आणि त्यात इराकचे युद्ध आले. कंपनीचे प्रमुख डॉन कार्टी यांनी वैमानिक, परिचारक आणि तंत्रज्ञ-भारवाहक या तिन्ही संघटनांकडे वर्षाला सुमारे १६२ कोटी डॉलरांचा त्याग मागितला. पगार कमी, रजा कमी, माणसे कमी. अशी मागणी कोणत्याही कामगाराला गोड वाटत नाही. तरीही पुढाऱ्यांनी ती सभासदांपुढे ठेवली. कंपनी बुडाली तर सर्वच बुडतील, सर्वांनी मिळून पोटाला चिमटा घेऊ, असे सांगितले. मतदान झाले. परिचारकांच्या संघटनेत तर ठराव प्रथम थोडक्यात फेटाळला गेला आणि मतदानाची मुदत एका दिवसाने वाढविल्यावर कसाबसा संमत झाला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत कंपनीचा वार्षिक अहवाल सरकारी नियामकाकडे दाखल झाला. तो मार्चअखेर यावयाचा होता, पण परवानगी घेऊन लांबविण्यात आला होता. त्यात काय निघाले? कंपनी सोडून जाऊ नये म्हणून कार्टी यांच्यासह सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांच्या मूळ पगाराच्या दुप्पट रक्कम देण्याचा करार आधीच झालेला होता. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तरी ४५ अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागू नये म्हणून ४ कोटी १० लाख डॉलर एका स्वतंत्र विश्वस्त निधीत अगोदरच बाजूला काढून ठेवलेले होते. कामगारांच्या निवृत्तिवेतनासाठी असा कोणताही निधी नव्हता.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर १६२ कोटींपुढे ४ कोटी ही किरकोळ रक्कम. व्यवस्थापनाच्या बाजूने त्या वेळी हा युक्तिवाद झालाही. बुडत्या जहाजावरून कप्तान पळून जाऊ नये म्हणून त्याला थोपवावे लागते, हेही अगदीच खोटे नव्हे. परंतु ज्याने नुकतेच आपल्या पगाराच्या कपातीला ‘होय’ म्हणून मत दिले होते त्या तंत्रज्ञाच्या मनात आकड्यांचा हिशेब नव्हता. ‘हे मला मत देण्यापूर्वी का सांगितले नाही?’ एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हते. कार्टी यांनी क्षमा मागितली, त्या रकमा सोडून दिल्या, तरी संघटना फेरमतदानाची भाषा बोलू लागल्या. २४ एप्रिलला त्यांना राजीनामा द्यावा लागला. किरकोळ फेरफार करून करार वाचला. कंपनीही त्या वर्षी वाचली.

विश्वास मात्र वाचला नाही. पुढे त्याच कंपनीत वरिष्ठांना समभागांच्या रूपाने मोठी बक्षिसे मिळाली तेव्हा जुनी जखम पुन्हा वाहू लागली. २०११ च्या नोव्हेंबरात कंपनी अखेर दिवाळखोरीच्या न्यायालयात गेलीच. आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये एक अभूतपूर्व गोष्ट घडली. तिच्या तिन्ही संघटनांनी आपल्या व्यवस्थापनाला वगळून, प्रतिस्पर्धी यूएस एअरवेज या कंपनीशी, तिने आपल्या कंपनीचा ताबा घेतल्यास कोणत्या अटींवर काम करू, याचे करार आधीच करून टाकले. २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि नव्या संस्थेची सूत्रे यूएस एअरवेजच्या प्रमुखाकडे गेली. आपल्या धन्यापेक्षा शेजारचा धनी बरा असे नोकरांना वाटू लागणे, आणि तसे वाटून त्यांनी धनी बदलूनच घेणे, हे नऊ वर्षांपूर्वी लपवून ठेवलेल्या त्या एका कागदाचे फार मोठे मोल झाले.

उलट बाजूचे एक उदाहरणही विसरता कामा नये, आणि ते आपल्या मुंबईतील आहे. २०१९ च्या प्रारंभी जेट एअरवेजची घडी मोडली. जानेवारीपासून वैमानिकांचा व अभियंत्यांचा पगार थकला. ज्या वैमानिकांनी दहा वर्षांपूर्वी आजारपणाचे शस्त्र उगारले होते त्यांच्याच संघटनेने या वेळी १ एप्रिलपासून उड्डाणे बंद करण्याचा इशारा दिला, मग तो १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला, आणि त्या दिवशी पुन्हा पुढे ढकलला. बँका पैसे देतील, नवा मालक येईल, कंपनी तरेल, या आशेवर बिनपगारी माणसे विमाने उडवीत राहिली. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईस आलेले विमान हे शेवटचे ठरले. त्यानंतर न्यायालयांच्या पायऱ्या झिजविण्यात पाच वर्षे गेली आणि २०२४ च्या ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. कर्मचाऱ्यांना कंपनीच्या तिजोरीची खरी स्थिती वेळेवर कोणी सांगितली असती तर त्यांपैकी कित्येकांनी आपली सोय वेळीच पाहिली असती. विश्वास ठेवणाऱ्याला हे फळ मिळते असे दिसल्यावर, पुढल्या पिढीतील वैमानिकाने पहिल्याच महिन्यात आजारी पडण्याचे ठरविले तर त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

तरीही आम्ही दोष देतो, आणि वर उल्लेखिलेले कारण आता सांगतो. गिरणीतील कामगार खोटा आजारी पडला तर कापड कमी निघते. विमानाच्या बाबतीत ‘मी आज काम करण्याच्या स्थितीत नाही’ हे वैमानिकाचे किंवा परिचारिकेचे वाक्य म्हणजे सुरक्षिततेच्या साऱ्या डोलाऱ्याचा एक खांब आहे. जो थकलेला आहे, ज्याच्या कानात ठणका आहे, ज्याने रात्रभर डोळा मिटलेला नाही, त्याने तसे सांगावे आणि सांगितल्यावर कोणी शंका घेऊ नये, यावर आपले प्राण अवलंबून असतात. हे वाक्य एकदा सौद्याचे हत्यार झाले की ते खरे बोलणाऱ्याच्याही तोंडी लंगडे पडते. खरोखर तापाने फणफणलेल्या माणसालाही मग संशयाने विचारले जाते, ‘काय, तूही का?’ आणि तो नोकरीच्या भयाने विमानात चढतो.

ही भीती काल्पनिक नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम हे आपल्याकडील सर्वांत ताजे भांडण. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यानंतर आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली, रात्रीच्या अवतरणांवर बंधन आले. नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले, कंपन्यांच्या आग्रहाने लांबले, आणि दोन टप्प्यांत अमलात येऊन दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरू झाला. देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीने, इंडिगोने, त्यासाठी पुरेशी तयारी केलीच नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हजाराहून अधिक. ऐन हंगामात दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर जी गर्दी तुंबली ती आमच्या वाचकांनी पाहिली आहे. त्यावर सरकारने काय केले? त्या कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट दिली, आणि रजेचा दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरू नये हा आदेशही मागे घेतला. वर्षानुवर्षे भांडून मिळविलेली विश्रांती कंपनीच्या गैरतयारीपायी चार दिवसांत सैल होते, हे पाहून वैमानिकांच्या संघटनांनी निषेध केला. कोणीही केला असता. सरकारी मध्यस्थावरील विश्वासही असाच गमावला जातो.

प्रवाशाचा जीव या भांडणात कसा ओढला जातो याचे स्मरण जुन्या पिढीला असेल. १९९२ च्या अखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप झाला तेव्हा उझबेकिस्तानहून विमाने वैमानिकांसह भाड्याने आणण्यात आली. ९ जानेवारी १९९३ रोजी हैदराबादहून आलेले त्यांतील एक तुपोलेव्ह दिल्लीच्या दाट धुक्यात उतरताना उलटले. त्यातील १६५ माणसे वाचली ती केवळ दैवबलाने. संप मोडण्याची ईर्षा आणि संप ताणण्याची ईर्षा या दोहोंच्या मध्ये ती माणसे बसलेली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिने संपाच्या व्याख्येत एक भर घातली आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संप समजावा. कायदा करणाऱ्यांनी रोग ओळखला, पण नावात घोटाळा केला असे आम्हांला वाटते. कारण विमान व्यवसायात वापरली जाते ती किरकोळ रजा नव्हे, आजारपणाची. आणि तीही निम्म्यांनी घ्यावी लागत नाही. विमानात नियमाने ठरलेल्या संख्येत एक परिचारक कमी पडला तरी विमान हलत नाही, तेव्हा शंभर-दीडशे जण पुरतात. उद्या आजारपणही व्याख्येत घातले तर खऱ्या आजाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणजे या बाजूने दार कितीही घट्ट लावले तरी फट राहणारच.

संहितेत दुसऱ्या बाजूचेही काही आहे, त्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नाही. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. तशी संघटना नसेल तर वाटाघाटी मंडळ बसते, आणि ज्या संघटनेमागे किमान २० टक्के कामगार आहेत तिला त्यावर जागा मिळते. तसेच मान्यताप्राप्त संघटनेशी सद्‌भावनेने बोलणी करण्यास नकार देणे ही मालकाच्या बाजूने, आणि मालकाशी तशी बोलणी नाकारणे ही संघटनेच्या बाजूने, अनुचित प्रथा म्हणून अनुसूचीत नोंदलेली आहे. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि ती तेथेच धूळ खात पडली. निर्णयाचा अधिकार नसलेला माणूस बैठकीस धाडणे ही सद्‌भावना आहे काय? विलीनीकरणाच्या आधी दोन्हीकडील वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठता लेखी न ठरविणे ही सद्‌भावना आहे काय? पगारकपात मागताना वरिष्ठांचे करार आणि कंपनीचा ताळेबंद मेजावर न ठेवणे? केंद्रीय कामगार मंत्रालयाने नियम करून या तीन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी लिहून द्यावीत, आणि समेट अधिकाऱ्याला तसा शेरा मारण्याचा व दंडाची शिफारस करण्याचा अधिकार द्यावा. त्याच नियमांत संघटनांकडून असेही लिहून घ्यावे की, वाटाघाटी चालू असताना आजारपणाची सामूहिक हाळी दिली गेल्यास ती देणाऱ्या पदाधिकाऱ्याला मेजावर जागा उरणार नाही.

आणखी एक लहानशी गोष्ट. संहितेप्रमाणे संपापूर्वी निदान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते व ती सरकारपर्यंत पोहोचवावी लागते. ती प्रवाशापर्यंत पोहोचत नाही. चवथीला घरी येण्यासाठी कुवेतचा किंवा दुबईचा आमचा माणूस तीन-तीन महिने आधी तिकीट काढतो, पैसे भरतो, धन्याकडून रजा मंजूर करून घेतो. ज्या कंपनीचे तिकीट आपण घेतले तिचे आपल्या नोकरांशी समेटाचे प्रकरण चालू आहे किंवा नाही, पुढली तारीख कोणती, मागल्या बैठकीस उभय पक्षांकडून कोण हजर होते, एवढी माहिती कामगार आयुक्तांच्या कचेरीबाहेरील फलकावर आणि विमानतळाच्या खिडकीवर लावण्यास किती खर्च येईल?